खरवसाचा मधला भाग

मॉरिसव्हिलमधल्या आमच्या दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये मी एक वासरू पाळलेलं आहे, अशी नोंद एका अमेरिकन शेतकऱ्याच्या वहीत आहे. दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीतल्या तुळशीच्या आणि सायकलच्या मध्ये ते कसं मावतं, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. वय विचारलं, तेव्हा मी ‘चार दिवस’ म्हणालो. नाव काय ठेवलंत म्हणाला, तेव्हा गडबडीत माझ्या मॅनेजरचं नाव सांगितलं. ‘छान नाव आहे,’ असं म्हणून त्यानं ते वहीत उतरवलं आणि चिकाच्या दोन गोठवलेल्या बाटल्या माझ्या हातात ठेवल्या.

त्याचं असं आहे, की आमच्या राज्यात न तापवलेलं कच्चं दूध माणसांना प्यायला विकत नाहीत, कायदा आहे. जनावरांसाठी विकतात, आणि बाटलीवर तसं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. चीक तर आई गेलेल्या वासरांसाठीच काढून ठेवतात. मला मात्र खरवस करायचा होता, आणि तो करायचं कारण भूक नव्हती. कारण होतं माझं तोंड.

पाडव्याच्या आधी एका रविवारी आम्ही पाच-सहा कुटुंबं काकूंकडे जेवायला होतो. या काकू माझ्या सख्ख्या काकू नव्हेत. आमच्या गावातल्या सगळ्याच मराठी माणसांच्या त्या काकू. मूळच्या साताऱ्याकडच्या. काका गेल्यावर मुलीनं इकडे बोलावून घेतलं. पुढे जावयाच्या नोकरीपायी मुलगी टेक्सासला गेली, आणि काकू ‘आता तिसरं गाव नको’ म्हणून इथेच राहिल्या. एका छोट्या शॉपिंग सेंटरच्या मागच्या बाजूला त्यांनी भाड्यानं किचन घेतलं, काउंटीचं, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाचं, परमिट काढलं आणि डबे सुरू केले. तपासणीत मिळालेला ‘ए’ ग्रेडचा कागद त्यांनी दाराजवळ लावला होता. लावावाच लागतो. पण दसऱ्याला त्यावर झेंडूचं फूल खोचायचं, असं काउंटीनं सांगितलेलं नव्हतं.

तर त्या दिवशी कुणीतरी म्हणालं, “इथे सगळं मिळतं यार, फक्त खरवस मिळत नाही.”

काकू म्हणाल्या, “करते की मी. कंडेन्स्ड मिल्क आणि दही घालून. मागच्या वर्षी वाटीभर चाटूनपुसून खाल्लास की.”

“काकू, तो खरवस नाही, ते पुडिंग,” मी म्हणालो. “खरवस चिकाचाच. मी आणून दाखवतो.”

“चीक कुठला आणणार तू? गाय ठेवलीयस का?”

सगळे हसले. कुणी माझ्यावर हसलं की माझ्यातला जो अतिशहाणा उठून बसतो, तो उठून बसला. पुढच्या शनिवारी दीड तास ड्राइव्ह करून मी त्या वहीपुढे उभा होतो.

पाडव्याच्या जेवणासाठी आमच्या मराठी मंडळानं एका शाळेचा हॉल घेतला होता. स्वयंपाक काकूंचा: पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, श्रीखंड. मी सकाळी उठून खरवसाला लागलो. आमच्या आईची रीत म्हणजे लहान डबा, कुकरमध्ये शिटी न लावता वाफ, आणि मग सुरी खुपसून बघायचं. माझी रीत म्हणजे अॅल्युमिनियमचा हा एवढा मोठा ट्रे, पाण्यात ठेवून ओव्हनमध्ये, कारण दोनशे माणसांवर छाप पाडायची होती. गूळ, वेलची, जायफळ, वर केशर. तासाभरानं कडा सोनेरी झाल्या. मी कोपऱ्याचा एक तुकडा कापून खाल्ला आणि डोळे मिटले.

बायकोनं ट्रेला बोटानं धक्का दिला. “मधे हलतंय ते.”

“गार झालं की बसेल.”

“अरे, हलतंय म्हणजे कच्चं आहे.”

“मी टेस्टिंगमध्येच नोकरी करतो,” मी म्हणालो. हे खरं आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. “सुरी घातली, स्वच्छ निघाली.” सुरी मी कडेला घातली होती.

मग तो ट्रे गाडीत तीन तास होता, कारण मला आधी गुढीसोबत फोटो काढायचे होते. बाहेर ऊन होतं. हॉलमध्ये मी तो काकूंच्या टेबलाच्या टोकाला, श्रीखंडाच्या पातेल्याशेजारी, हळूच ठेवला. चिठ्ठी लावली नाही. बेत असा होता, की लोकांनी खावं, वा वा करावं, ‘कुणी केला, कुणी केला’ अशी चौकशी व्हावी, आणि मग मी माइक हातात घेऊन, जरा लाजत वगैरे, पुढे यावं. काकू आत पुऱ्या तळत होत्या. त्यांना काही दिसलं नाही.

लोकांनी खाल्लं. वा वा झालं. चौकशी मात्र कुणीच केली नाही, कारण काकूंच्या टेबलावर होता म्हणजे काकूंचाच असणार, हे सगळ्यांना उघड होतं. मी माइककडे जाईपर्यंत लहान मुलांचे नाच सुरू झाले. ट्रे रिकामा घरी आला आणि मी श्रेय हुकलं म्हणून संध्याकाळभर हळहळत बसलो. ‘काकूंनी फुकटात कौतुक खाल्लं,’ असंही बायकोला म्हणालो. हे वाक्य मी नंतर बऱ्याचदा आठवलेलं आहे.

सोमवारी मंडळाच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला: कालपासून कुणाचं पोट बिघडलंय का? मग दुसरा. मग रांगच लागली. माझं पोट ठणठणीत होतं, आणि मी कडेचा तुकडा खाल्ला होता, म्हणजे खरवस निर्दोष, असा मी स्वतःपुरता निकाल दिला. ग्रुपवर लिहिलं, ‘व्हायरल असेल यार. ऑफिसमध्ये पण सुरू आहे.’ ऑफिसमध्ये काहीही सुरू नव्हतं.

बुधवारी कळलं, की एका सात वर्षांच्या मुलीला हॉस्पिटलमध्ये ठेवलंय. सलाइन लावलंय. जुलाबातून रक्त पडत होतं. तिच्या आईला मी ओळखत होतो, दोनदा एका गाडीतून देवळात गेलो होतो. ती मुलगी गोडघाशी. हॉलमध्ये तिनं मला विचारलं होतं, “अंकल, कॅन आय हॅव द मिडल पीस? द एज इज चुई.” मी तिला अगदी मधला तुकडा काढून दिला होता. वर केशराची काडी सुद्धा.

बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं. “सांग त्यांना.”

“कुणाला?”

“सगळ्यांना. डॉक्टरांना. काकूंना.”

“आपलं ग्रीन कार्ड अर्ध्यात आहे. मी त्या वहीत खोटं लिहायला लावलंय, खाली सही केलीय. उद्या कुठल्या फॉर्मवर विचारलं तर?”

“वासराबद्दल?”

“हसू नकोस.”

“मी हसत नाहीये,” ती म्हणाली, आणि खरंच हसत नव्हती.

इथल्या आमच्या सगळ्यांना हे दुखणं आहे. स्पीडिंगचं तिकीट आलं तरी आम्ही आधी वकिलाला विचारतो. पण मी हे कारण ढाल म्हणून वापरलं. आत खरी भीती वेगळी होती. लोक मला घोळ घालणारा म्हणून ओळखतात आणि ते मला आवडतं, कारण माझ्या घोळांत आजवर फक्त माझंच नाक कापलं गेलं होतं. या घोळाला कुणी हसणार नव्हतं.

गुरुवारी काकूंचा फोन आला. “अरे, काउंटीच्या बाई यायच्यात किचन तपासायला. मला त्यांचं इंग्रजी भराभर कळत नाही. फोनवर दुभाषी देतो म्हणाले, पण मराठी कुणी मिळेना. मी सांगितलं, माझा आहे एक. येशील ना?”

मी गेलो. नाही म्हणायला तोंड नव्हतं, आणि खरं सांगायचं तर काय निघतंय ते मला बघायचंही होतं.

इन्स्पेक्टर बाई पन्नाशीच्या, उंच, आवाज अगदी मऊ. दक्षिणेकडच्या लोकांसारखं प्रत्येक वाक्य लांबवत बोलणाऱ्या. त्यांनी आधी हात धुतले, मग काकूंच्या फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवलं, मग जंतुनाशक पुरेसं आहे का ते बघायला भांडी धुवायच्या पाण्यात कागदाची पट्टी बुडवून तिचा रंग पाहिला. उरलेलं श्रीखंड, चक्का, दूध, वेलचीची पूड यांचे नमुने छोट्या पिशव्यांत भरून, चिठ्ठ्या लावून, बर्फाच्या पेटीत ठेवले. फ्रीजचं हँडल, सिंक, भाजी चिरायचा पाट यांवरून कापसाच्या काड्या फिरवल्या. आरडाओरडा नाही, दरडावणं नाही. काकू मात्र परीक्षेला बसल्यासारख्या भिंतीला टेकून उभ्या.

“फ्रीजच्या तापमानाची नोंद ठेवता का?” बाईंनी विचारलं.

काकूंनी वही काढली. रोज दोनदा, सकाळ-संध्याकाळ, देवनागरी आकड्यांत. बाईंनी पान उलटलं, पुन्हा उलटलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मग मी एकेक आकडा इंग्रजीत वाचून दाखवला. इथे फॅरनहाइट चालतं, आणि फ्रीज एक्केचाळीसच्या वर जायचा नसतो. चाळीस. एकोणचाळीस. चाळीस. एका दिवशी त्रेचाळीस होते, आणि शेजारी काकूंनी लिहिलं होतं: ‘दार नीट लागलं नव्हतं. माझी चूक. दूध टाकून दिलं.’ तेही मी वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, “असं लिहिणारं मला कुणी भेटत नाही.” मी ते भाषांतर केलं. काकू लाजल्या.

मग बाईंनी सगळ्या पदार्थांची यादी वाचली आणि विचारलं, “त्या टेबलावर तुमच्या किचनबाहेरचं काही होतं का? एक-दोघांनी कुठल्यातरी पिवळ्या कस्टर्डबद्दल सांगितलं.”

काकू माझ्याकडे वळल्या. “अरे हो! त्या आजारी पोरीची आई त्या दिवशी मलाच म्हणाली, खरवस छान होता म्हणून. मला वाटलं श्रीखंडालाच म्हणतेय. कुणी आणला होता रे खरवस? तुला माहितीय?”

बाई माझ्याकडे बघत होत्या. काकू माझ्याकडे बघत होत्या. दोघींच्या मध्ये मी एकटाच असा होतो, की ज्याला दोन्ही भाषा येत होत्या आणि उत्तरही माहीत होतं.

“त्या म्हणतायत,” मी इंग्रजीत म्हणालो, “की त्यांना नक्की आठवत नाही. बहुतेक त्यांचंच एखादं गोड असेल.”

बाईंनी लिहून घेतलं. काकूंना मी मराठीत म्हणालो, “मी सांगितलं, माहीत नाही म्हणून.”

जन्मभरात मी पुष्कळ थापा मारल्या आहेत. पण त्या सगळ्या मी माझ्या तोंडानं मारल्या होत्या.

रिपोर्ट येईपर्यंत किचन बंद ठेवावं, असं बाईंनी सांगितलं. काकूंनी त्याच दुपारी सगळं फेकलं. मी पिशव्या कचऱ्यापर्यंत वाहिल्या. पाच दिवस त्या रोज जाऊन रिकामं किचन घासत होत्या. ग्रुपवर कुणी उघड बोललं नाही, पण डब्याचे मेसेज एकेक करून आले: काकू, या महिन्यापुरतं कॅन्सल करतो. काकू, आई आलीय, घरीच करतोय. सात वर्षांची ती मुलगी घरी आली होती, पण भाताच्या पाण्यापलीकडे तिला काही पचत नव्हतं.

मंगळवारी ऑफिसमध्ये असताना काकूंचा फोन आला. आवाज बसलेला.

“रिपोर्ट आला. माझ्या कशातच काही निघालं नाही म्हणे.”

“अहो मग उत्तमच झालं की!”

“उत्तम काय? पोरीच्या तपासणीत निघालंय ना. कच्च्या दुधात असतो तसला जंतू. म्हणजे माझ्यातच असणार, यांना सापडला नसेल. मी चक्का बांधते ना, त्यातच काहीतरी चुकत असेल. तीस वर्षं बांधतेय, पण वय झालं, एखादवेळेस हात... मी महिनाअखेरीला किल्ली देऊन टाकते. लहान लेकराच्या पोटात माझ्या हातचं जाऊन असं झालं, तर पुन्हा पातेल्याला कसा हात लावू?”

फोन ठेवल्यावर मी घरी आलो आणि फ्रीझर उघडला. दोन बाटल्यांपैकी अर्धी बाटली मी पुढच्या सणासाठी म्हणून जपून ठेवली होती. बायको मागे उभी होती. तिनं पिकनिकची पेटी आणून दिली आणि वर बर्फ ओतला.

मी आधी काकूंकडे गेलो नाही. आधी काउंटीच्या ऑफिसात गेलो. परक्या माणसापुढे नाक घासणं सोपं असतं, एवढीच त्यात बहादुरी.

इन्स्पेक्टर बाईंनी बाटलीवरची सूचना वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं: वही, वासरू, ओव्हन, ट्रे, गाडी. वासराच्या नावापर्यंत आलो तेव्हा त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला आणि लगेच जागेवर गेला. त्यांनी एक फॉर्म पुढे केला. किती वेळ तापवलं? तापमान मोजलं का? कशानं? मी लिहिलं, ‘सुरीनं.’ किती वेळ बाहेर होतं? कुणी कोणता भाग खाल्ला, ठाऊक आहे का?

त्या रकान्यावर माझं पेन थांबलं. मग मी लिहिलं.

“एक विचारू?” बाई म्हणाल्या. “त्या दिवशी त्या किचनमध्ये, मी विचारलं तेव्हा, त्या काय म्हणाल्या होत्या?”

“त्यांनी मला विचारलं होतं, की ते कुणी आणलं होतं.”

बाईंनी जुना कागद काढला, माझ्या भाषांतराच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि शेजारी नवं वाक्य लिहिलं. ग्रीन कार्डाबद्दल मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “ते माझं खातं नाही. मी फक्त कुणी आणखी आजारी पडू नये म्हणून बघते.” मला कुणीतरी ओरडावं, दंड करावा, असं फार वाटत होतं. त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट आहे का बघितलं आणि आल्याबद्दल आभार मानले.

काकू घरी होत्या, मेथी निवडत. मी दारातच सगळं सांगून टाकलं, चपला सुद्धा न काढता. खरवस म्हटल्यावर त्यांचे हात थांबले. वासरू म्हटल्यावर मला वाटलं, आता त्या हसतील. कुठलाही किस्सा मी तिथपर्यंत आणला की लोक हसतात. त्या हसल्या नाहीत.

“म्हणजे चक्का बरोबर होता,” त्या म्हणाल्या.

“बरोबर होता, काकू.”

“आणि त्या बाईंना तू काय सांगितलंस? मी तुला विचारलं, कुणी आणला, तेव्हा?”

मी सांगितलं.

त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. “खरवस फसला, हे एक वेळ होतं माणसाकडून. माझ्याही पुष्कळ गोष्टी फसल्यात. पण माझ्या तोंडात तू तुझं खोटं घातलंस. मी तुला माझा म्हणून बोलावलं होतं.”

मी काहीतरी ‘काकू, चुकलो’ वगैरे पुटपुटलो. त्या उठल्या, आतून डब्यांची वही आणली आणि टेबलावर ठेवली. गिऱ्हाइकांची नावं, समोर फोन नंबर.

“बस. चपला काढ आणि बस. ज्यांनी बंद केलेत, त्यांच्यापुढे खूण आहे. एकेकाला फोन लाव. स्पीकरवर ठेव. मला ऐकायचंय.”

मी फोन लावले. पहिल्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, “अरे मूर्खा, मी त्या दिवशी बाथरूममध्ये बसून तुझाच मेसेज वाचत होतो, व्हायरल असेल म्हणून!” दुसरीनं विचारलं, “वासराला आता कोण सांभाळतंय?” आणि फोन ठेवून दिला. एकजण म्हणाला, “ठीक आहे यार, होतं असं,” तेव्हा काकूंनी मान हलवली, म्हणजे नाही, पुन्हा सांग, नीट सांग. मी पुन्हा सांगितलं. चौथ्या-पाचव्या फोननंतर माझ्या लक्षात आलं, की मी प्रत्येक वेळी वासरापाशी आवाज जरा खुलवतोय, हशा यावा म्हणून. काकूंच्याही ते लक्षात आलं होतं. “वासरू गाळ,” त्या म्हणाल्या. पुढचे सगळे फोन मी वासराशिवाय केले. ते फार अवघड गेले.

शेवटचा नंबर त्या मुलीच्या आईचा होता. तो काकूंनी मुद्दाम मागे ठेवला होता की यादीतच तसा होता, मला माहीत नाही.

तिनं सगळं ऐकलं. मागे टीव्हीवर कार्टून चालू होतं.

“डॉक्टर मला रोज विचारत होते,” ती म्हणाली. “तिनं काय खाल्लं, काय खाल्लं. मी रोज काकूंचं नाव सांगत होते. आणि तुम्ही ग्रुपवर ‘गेट वेल सून’ लिहिलंत.”

“हो.”

“फुलांचं चित्र टाकलंत.”

“हो.”

“काकू आहेत का तिथे?”

काकूंनी फोन हातात घेतला आणि स्पीकर बंद केला. मग मला फक्त काकूंची बाजू ऐकू येत होती. काय खातेय ती? ताक देऊ नको अजून. मऊ भात दे, वर साजूक तूप नको, नुसतं मेतकूट. नाही गं, तुझं काही चुकलं नाही, तू नाव सांगणारच ना. किल्ली? नाही, नाही देत आता. सोमवारी उघडते. पहिला डबा तिचा, मी स्वतः घेऊन येते. रडू नको. अगं, रडू नको म्हणते ना.

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले, वही मिटली आणि मेथीची जुडी पुन्हा पुढे ओढली. मी तसाच बसून राहिलो. त्या घरात मी कधीही गेलो तरी बसायच्या आत चहाचं आधण पडत असे. नको म्हटलं तरी. गॅसकडे माझं लक्ष होतं, हे कबूल करतो. एवढं सगळं झाल्यावरही.

“निघ आता,” काकू पानं खुडत म्हणाल्या. “अंधार व्हायच्या आत त्या पोरीच्या घरी जाऊन ये. फोनवर नाही. समोर उभा राहून.”

मी दारात चपला घालेपर्यंत त्यांनी वर पाहिलं नाही.